कळवळा आल्यानंतरचं काम

वर एका ताईंनी लिहिलंय, 'हल्ली स्वतःचं मन सांभाळलं तरी पुष्कळ, इतरांसाठी प्रार्थना करतोच.' मला ते पुरेसं वाटत नाही.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 10 व्या अध्यायात येशूने सांगितलेली गोष्ट आहे. लुटारूंनी मारून वाटेत टाकलेला माणूस पाहून एका शोमरोनी माणसाला, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत अशा लोकांतल्या एकाला, 'कळवळा' आला. मूळ ग्रीक क्रियापद आतड्यांवरून आलंय. आपण आतडं तुटलं म्हणतो, तसंच. पण तो तिथे थांबला नाही. जखमांवर तेल, द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, तिथल्या मालकाला दोन दिनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, दिली. वर सांगितलं, जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन. हे परत येणं मला फार मोठं वाटतं.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं. आम्ही वसईचे काहीजण तेव्हा चादरी, धान्य देऊन आलो. दिवाळीनंतर पुन्हा गेलो, तर एक आजी दारातच म्हणाल्या, 'परत आलास रे बाबा?' आम्ही भिंतींना चुना लावत होतो, त्या बोलत होत्या. सामानापेक्षा त्यांना ऐकणारं माणूस हवं होतं.

ताई, तुमच्या आळीत कुणी एकटं राहत असेल, तर रविवारी चर्चमधली मिस्सा (उपासना) झाल्यावर त्यांच्याकडे जाल का? आणि पुढच्या रविवारीही?