कोतवाल बुकात १९१८ च्या दिवाळीच्या सुमारास इतके मृत्यू कशाचे?

काळीमाती (ता. दारव्हा):
पुतण्याच्या जात पडताळणीसाठी पणजोबांचा पुरावा पाहिजे होता, म्हणून तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, पाहायला गेलो. १९१८ चं बुक उघडलं अन् पणजोबा बाजूलाच राहिले. उन्हाळ्यात महिन्याला दोन-चार मृत्यू, पावसाळ्यातही तेवढेच. ऑक्टोबर लागला तशी पानंच्या पानं भरलेली. कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत फक्त ‘ताप’. एका घरातले नवरा, बायको अन् पोरगी एकाच आठवड्यात गेलेले. म्हाताऱ्यांपेक्षा पंचविशी-तिशीतलेच जास्त. गावात विचारलं तर कोणी पटकी म्हणते, कोणी प्लेग. पण त्या रोगांची नावं तर इतर वर्षी याच बुकात सरळ लिहिली आहेत. जाणत्यांनी सांगावं, हे काय होतं?

जुना नकलनवीस:
भाऊ, ही मानमोडी. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी आलेला इन्फ्लुएन्झा. माझी नोकरी रेकॉर्ड रूममध्ये गेली, मोडी वाचता येते, त्यामुळे ही पानं खूप हाताळली.

१९१८ च्या मे अखेरीस मुंबईला सैनिकांचं जहाज लागलं आणि जूनमध्ये तिथले पोलीस शिपाई तापानं पडले. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरात उठली ती मारणारी, आणि आगगाडीच्या वाटेनं आत शिरली. मूर्तिजापूर-यवतमाळ ही कापसाची गाडी तुमच्या दारव्ह्यावरूनच जायची. वेचणीचे दिवस, बायामाणसं दिवसभर वावरात अन् रात्री एका खोलीत दाटीनं. मध्यप्रांत-वऱ्हाडचा नंबर देशात सगळ्यात जास्त माणसं गमावलेल्या प्रांतांत लागतो. देशभरात १.२ ते १.८ कोटी गेले असा अंदाज आहे. चार वर्षांत सगळ्या देशांचे मिळून सैनिकही एवढे पडले नव्हते. हिंदी सैनिक सुमारे ७४ हजार गेले, त्यांच्यातल्या कितीकांची नावं इंडिया गेटवर अन् परदेशातल्या स्मारकांवर कोरली आहेत. तुमच्या गावच्या माणसांची नावं फक्त या बुकात आहेत. मी त्यांनाही युद्धात गेलेलेच मानतो.

बुक अजून बारकाईनं पाहा. मधले काही दिवस कोरे दिसले तर ते बरे दिवस समजू नका. कोतवालच खाटेवर पडला तर नोंद देणार कोण? बायांची वयं पाहा. तापकऱ्यांची उठबस त्यांनीच केली, त्याच जास्त गेल्या. मग १९१९ चं जन्माचं पान काढा. किती रोडावलं ते कळेल.

शेतकरीपुत्र:
काका, साथ तर कशीही आली असती. युद्धाच्या माथी काऊन मारता?

जुना नकलनवीस:
आली असती, पण अशी नाही. लाखो जवान छावण्यांत अन् जहाजांत कोंबलेले, आज इथं तर महिन्यानं समुद्रापार. ताप पसरायला आणखी काय लागते? इकडं धान्य फौजेसाठी बाहेर चाललेलं, त्यात १९१८ चा पाऊस दगा देऊन गेला, ज्वारी महागली. सरकारी डॉक्टरांपैकी बरेच आघाडीवर. पोटात अन्न नाही अन् उशाशी वैद्य नाही, अशा माणसाला तापानं गाठलं. ११ नोव्हेंबरला तिकडं युद्ध थांबलं तेव्हा आपल्याकडं सरणं पेटतच होती. विसाव्या शतकात भारताची लोकसंख्या एकाच दशकात घटली, १९११ ते १९२१: २५.२१ कोटींवरून २५.१३ कोटींवर. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरच्या काँग्रेसनं असहकाराचा ठराव पक्का केला, तेव्हा खेड्यातला माणूस सरकारवर का चिडलेला होता, याचं एक उत्तर मला या पानांत दिसतं.

आर्वीची सून:
आमच्या आजेसासऱ्यांना मानमोडीनं पोरकं केलं. आईबाप अन् मोठा भाऊ एकाच महिन्यात गेले. आत्यानं वाढवलं. वावर चुलत्यानं कसलं, ते पुन्हा त्यांच्या नावावर चढलंच नाही. धुऱ्याच्या (बांधाच्या) पलीकडे विहिरीसकट सारी काळी जमीन चुलतघराची, आमच्याकडे मुरमाड तुकडा. दर उन्हाळ्यात धुऱ्यावरून बोलाचाली होते. घरात मानमोडीचं नाव सगळ्यांना ठाऊक, पण तिचा युद्धाशी संबंध आहे हे आज इथंच वाचलं.

काळीमाती:
काका, ताई, डोळे उघडले. १९१९ चं पान सोमवारी मागतो. फक्त घरच्यांच्या नावापुरतीच नक्कल घ्यावी की पूर्ण वर्षाची?

जुना नकलनवीस:
पूर्ण वर्षाची घ्या, जन्माची अन् मृत्यूची दोन्ही. अर्जात तसं स्पष्ट लिहा, नाहीतर तुमचं आडनाव शोधून तेवढीच ओळ देतात. तो कागद आता घडीवर तुटतो, म्हणून फोटोची परवानगीही मागा. मोडीतली पानं असली तर मला पाठवा, मी वाचून देतो. पैसे नकोत. सगळी नावं वयासकट उतरवा अन् ग्रामपंचायतीत लावा.