मदत हवी आहे : मल्टीमीटर खोटं बोलतोय की बाइक?

रविवारचा_कारागीर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी कराडचा, पतसंस्थेत नोकरीला. रविवारी सोल्डरिंग आयर्न घेऊन बसायचा नाद आहे, शिक्षण मात्र कॉमर्सचं. त्यामुळे काही चुकीचं लिहिलं तर सरळ कान धरा.

दोन वर्षांपूर्वी पुण्यात बुधवार पेठेतून पिवळा डिजिटल मल्टीमीटर (व्होल्ट, अँपिअर मोजायचा मीटर) घेतला, डीटी-८३०डी म्हणून मिळतो तो. गेल्या महिन्यात बाइकचा हेडलाइट बल्ब दुसऱ्यांदा उडाला म्हणून बॅटरीवर मीटर लावून पाहिला. इंजिन चालू, थोडी रेस दिली, तर १६.६ व्होल्ट! चार्जिंग १४.५च्या वर जाऊ नये एवढं मला माहीत होतं. मिस्त्रींना सांगितलं. ते म्हणाले, आरआर युनिट (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर) गेलं, बदला. ८५० रुपये घालून बदललं. घरी येऊन परत मीटर लावला. १६.६. तस्सं!

मिस्त्री म्हणतात वायरिंग उघडावं लागेल, दोन दिवस गाडी सोडा. त्याआधी इथे विचारतोय. शिवाय मीटरचा गोल खटका जरा हलला की आकडा उड्या मारतो, ते वेगळंच. आता नवीन मीटर घ्यावा का? की थेट तो छोटा ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवतो तो) किटवाला घ्यावा?

---

जुना_ट्रान्झिस्टर

खर्चाचं नंतर बघू. आधी एक सांगा : इंजिन बंद असताना, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर किती दाखवतो?

---

रविवारचा_कारागीर

आत्ताच बघून आलो. १४.७. मला वाटलं बॅटरी फुल आहे.

---

जुना_ट्रान्झिस्टर

मग बाइक निर्दोष आहे हो! १२ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी विसावल्यावर १२.६ ते १२.८. रात्रभर उभ्या गाडीत १४.७ कुठून येणार? वायरिंगला हात लावू देऊ नका.

आता मीटर उलटा करा, मागचे दोन स्क्रू काढा आणि आतली नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी बदला. दोन वर्षांत बदलली नसणार, पैज लावतो.

एक मात्र करू नका. त्याच मीटरने त्याचीच बॅटरी मोजायला जाऊ नका. पुष्कळ जण हे करतात आणि जो काही आकडा येतो त्यावर विश्वास ठेवतात. मीटरचा काळा सॉकेट आतून त्याच्या स्वतःच्या पुरवठ्याशी बांधलेला असतो, त्यामुळे स्वतःचं वजन स्वतःला करता येत नाही. शेजाऱ्यांचा मीटर मागून आणा.

---

अर्थिंगवाली

पण काका, बॅटरी उतरली तर आकडा कमी यायला हवा ना? टॉर्चची बॅटरी उतरली की उजेड कमी होतो. इथे आकडा वाढतोय. मलाही हे कधी उमगलं नव्हतं.

---

जुना_ट्रान्झिस्टर

बरं विचारलंत. या मीटरांचं पोट म्हणजे आयसीएल ७१०६ ही जुनी चिप, किंवा तिची नक्कल, जी काळ्या थेंबाखाली लपवलेली असते. ती व्होल्टेज थेट मोजत नाही, तुलना करते. आत एक संदर्भ व्होल्टेज असतं आणि बाहेरून आलेलं त्याच्या किती पट, ते पडद्यावर येतं.

तो संदर्भ चिप स्वतःच्या पुरवठ्यातून तयार करते, साधारण २.८ व्होल्टचा. पुरवठा सात व्होल्टच्या वर असेपर्यंत तो स्थिर राहतो. त्याखाली गेला की संदर्भही घसरायला लागतो. वाण्याच्या तराजूतलं एक किलोचं वजन झिजून साडेआठशे ग्रॅमचं झालं, तर त्याच साखरेचं माप जास्त भरेल ना? तसंच. गंमत म्हणजे पडदा मात्र ठणठणीत दिसत राहतो. एलसीडीला लागतं कितीसं! आणि सगळ्यात स्वस्त मीटरांत बॅटरी उतरल्याची खूणच नसते.

---

रविवारचा_कारागीर

अपडेट. शेजारचे सर आयटीआयमध्ये शिकवतात, त्यांचा चांगला मीटर आणला. माझ्या मीटरमधली बॅटरी : ६.१ व्होल्ट.

बदलण्याआधी मुद्दाम दोन्ही मीटर एकाच नव्या पेन्सिल सेलवर लावले. सरांचा १.५८, माझा १.८४. म्हणजे माझा १.१६५ पट फुगवतोय. १६.६ला त्याने भागलं तर १४.२५. आणि १४.७ला भागलं तर १२.६. पतसंस्थेत रोज व्याज काढतो, पण भागाकाराने एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं.

८५० रुपये!

---

सोल्डरचा_धूर

दादा, मनाला लावून घेऊ नका. मी इन्व्हर्टरची बॅटरी बदलली होती अशीच.

पण तो १.१६५ कुठे लिहून ठेवू नका. मीटरची बॅटरी आणखी उतरली की तो गुणक बदलतो, आणि थोडा वेळ बंद ठेवून चालू केला तरी बदलतो, कारण बॅटरी जराशी सावरते. नवी टाका आणि पुढच्या वेळेपासून मोजायला बसलात की आधी एका ओळखीच्या गोष्टीवर मीटर लावून बघा.

ओळखीची गोष्ट म्हणजे टीएल ४३१, ठरलेलं व्होल्टेज देणारी छोटी चिप. बिघडलेला कॉम्प्युटर एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) असेल तर त्यात ऑप्टोकपलरच्या (उजेडातून सिग्नल पोचवणाऱ्या छोट्या चिपच्या) आसपास तीन पायांचा छोटा काळा किडा दिसेल, वर ‘४३१’ लिहिलेलं. ट्रान्झिस्टर समजून लोक टाकून देतात. नवा घेतला तरी काही रुपयांत येतो. त्याचे रेफरन्स आणि कॅथोड हे दोन पाय जोडा, मधला अ‍ॅनोड बॅटरीच्या वजा टोकाला, आणि नऊ व्होल्टची अधिक बाजू १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून जोडलेल्या पायांना द्या. त्या पायांवर आणि वजावर २.४९५ व्होल्ट मिळतात, प्रतीनुसार अर्धा ते दोन टक्के इकडेतिकडे. मी कॉम्पॅक्ट डिस्कच्या जुन्या डबीत बसवलाय.

एसएमपीएस उघडणार असाल तर : प्लग काढला तरी मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट राहू शकतात. आधी ते उतरवा, मग बोट घाला.

---

अर्थिंगवाली

खटक्याचं माझ्याकडून. माझाही असाच उड्या मारायचा. उघडलात की खटक्याखाली सर्किटवर सोनेरी गोल पट्ट्या दिसतील, त्यांच्यावरून पितळी पत्रे फिरतात. तिथे मळ आणि जुनं ग्रीस साचतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून पुसा. खोबरेल नको, पेट्रोल नको, आमच्या आजोबांचं ऑलराउंडर घासलेट तर अजिबात नको.

आणि उघडताना खाली पांढरा टॉवेल अंथरा. खटक्याच्या बाजूला दोन इवल्या स्प्रिंगा आणि त्यांवर दोन पोलादी गोळ्या असतात, त्या ‘टक टक’ आवाज देतात. माझी एक टुणकन उडाली. कपाट सरकवलं, झाडू फिरवला, शेवटी स्पीकरच्या मागच्या चुंबकाला चिकटलेली सापडली.

एखादा आकडा अर्धाच दिसत असेल तर पडद्याखालची काळी-गुलाबी रबराची पट्टी पुसून परत नीट बसवा. पडदा गेला म्हणून मीटर फेकू नका.

---

रविवारचा_कारागीर

टॉवेल अंथरूनच उघडला. दोन्ही गोळ्या हातात. पितळी पत्र्यांखाली अक्षरशः काळी काजळी होती, पाच काड्या खराब झाल्या. आता खटका हलवला तरी आकडा जागचा हलत नाही.

नवी बॅटरी टाकून : पेन्सिल सेल १.५७ (सरांचा १.५८). टीएल ४३१ वर २.४८. बाइक बंद १२.६, चालू १४.२.

आता जरा लाजत विचारतो. घरच्या इन्व्हर्टरवर लाइट गेल्यावर मोजलं तर २५५ दाखवतोय. पंखाही गुरगुरतो. हे परत मीटरचं खोटं की खरं?

---

जुना_ट्रान्झिस्टर

इन्व्हर्टर जुना स्क्वेअर वेव्हवाला असणार. तुमचा मीटर एसी मोजताना फक्त अर्धी लाट घेतो, तिची सरासरी काढतो आणि २.२२ने गुणून दाखवतो. लाट गुळगुळीत साइन असेल तर हिशोब बरोबर येतो. चौकोनी लाटेत २३०च्या अर्ध्या लाटेची सरासरी ११५, गुणिले २.२२, म्हणजे २५५. मीटर त्याच्या समजुतीप्रमाणे खरंच बोलतोय. चौकोनी लाट नीट मोजायची तर ‘ट्रू आरएमएस’ (लाट कुठल्याही आकाराची असली तरी खरं माप देणारा) लिहिलेला मीटर लागतो. गुरगुर त्या लाटेचीच.

गंमत बघायची असेल तर याच मीटरला एसी २०० वर ठेवून नऊ व्होल्टची बॅटरी लावा. एका बाजूने दुपटीहून जास्त, तारा उलटवल्या की शून्य.

पण एक विनंती. हा मीटर भिंतीतल्या प्लगमध्ये घालणं सोडा. ‘१० ए’ लिहिलेल्या सॉकेटमागे फ्यूजच नसतो, नुसती जाड तार असते. अँपिअर मोजून झाल्यावर लाल तार तिथेच विसरलात आणि प्लगमध्ये घातलीत तर सरळ शॉर्ट. माझ्या अंगठ्यावर त्याचा डाग आहे. घरच्या लाइनसाठी फ्यूजवाला, कॅट थ्री रेटिंग (घरच्या लाइनवर वापरायच्या सुरक्षिततेची श्रेणी) असलेला नामांकित मीटर घ्या. पिवळा ठेवा सेल, बाइक, खेळण्यांसाठी.

---

सोल्डरचा_धूर

ऑसिलोस्कोप किटबद्दल कुणीच बोललं नाही. डीएसओ १३८ नावाचं किट म्हणत असाल तर शिकायला मस्त, पण त्याची झेप २०० किलोहर्ट्झपर्यंतच. ऑडिओ, सेन्सर, आर्डुइनोचे (शिकाऊंच्या छोट्या कंट्रोलर बोर्डाचे) पल्स, इतकं दिसेल. पंख्याच्या रेग्युलेटरला मात्र लावायचा नाही, तो घरच्या मेन लाइनवर असतो! ५० व्होल्टच्या वर लावायचा नाही. जोडल्यावर आधी किटच्याच १ किलोहर्ट्झ टेस्ट सिग्नलवर क्लिप लावा आणि छोटे ट्रिमर (स्क्रूने फिरवायचे कपॅसिटर) फिरवून चौकोनाचे कोपरे सरळ करा. कोपरे गोल किंवा टोकदार राहिले तर पुढचं सगळं माप वाकडं.

आणि त्याआधी एक काम करा. नऊ व्होल्टच्या बॅटरीला १ मेगाओहमचा रेझिस्टर ओळीत जोडून तुमच्या मीटरने व्होल्ट मोजा. आकडा निम्मा झाला तर मीटर आतून १ मेगाओहमचा आहे. सरांच्यावर जेमतेम अकरावा भाग कमी दिसेल, कारण तो १० मेगाओहमचा असणार. नाजूक सर्किटवर दोघांचे आकडे का जुळत नाहीत, हे तेव्हा कळेल.

---

रविवारचा_कारागीर

केलं. माझा ४.६, सरांचा ८.४. सर म्हणाले, उद्या पोरांना वर्गात हेच दाखवतो, तुझा पिवळा दोन दिवस दे.

मिस्त्रींना फोन केला, गाडी आणत नाही म्हणून. जुनं आरआर युनिट त्यांच्याकडेच पडलं होतं, घेऊन आलो. ते चांगलं आहे हे सांगितल्यावर थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तुमचा मीटर घेऊन या एकदा, आमच्याकडचाही पिवळाच आहे.”

बल्ब का उडतो ते मात्र अजून कळलेलं नाही. होल्डरची क्लिप सैल वाटतेय. त्याचा वेगळा धागा काढतो.