अनुभव धागा : अंदमान – बोट, खोली आणि समुद्रात उतरणं

अंदमानला निघालेल्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात: बोटीचं कसं करायचं, कुठे राहायचं आणि पोहायला कुठे उतरायचं. जाणकारांनी आपापल्या टोपणनावाने इथे लिहावं ही विनंती. 'मस्त आहे, जाऊन या' एवढंच नको. वेळा, अंतरं, काय फसतं आणि का फसतं ते लिहा.

गलबत
बहुतेक जण हॉटेल ठरवून मग बोट शोधतात. तिथेच गाडं अडतं. विमान, मग बोट, मग खोली असा क्रम ठेवा. पोर्ट ब्लेअरला आता श्री विजयपुरम म्हणतात, हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप आणि नील म्हणजे शहीद द्वीप. बुकिंग करताना जुनी-नवी दोन्ही नावं दिसतात, ती वेगळी बेटं समजू नका.

पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक खाजगी कॅटमरानने (दोन सांगाड्यांची वेगवान बोट) साधारण दीड ते दोन तास, सरकारी बोटीने अडीच किंवा जास्त. सरकारी बोट स्वस्त, पण तिची तिकिटं थोडेच दिवस आधी उघडतात आणि स्थानिक लोक रोजच्या कामांसाठी तिच्यावरच अवलंबून असतात. सुट्टीच्या हंगामात तिच्या भरवशावर राहू नका. तिकिटावरचं नाव ओळखपत्राशी जुळलं पाहिजे. कुठल्या धक्क्यावरून बोट सुटते तेही तिकिटावर वाचा, सगळ्या एकाच ठिकाणाहून सुटत नाहीत. तासभर आधी पोचा.

सगळ्यात महत्त्वाचं: परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. समुद्र खवळला की बोट रद्द होते. बोटीचे पैसे परत मिळतील, पण चुकलेल्या विमानाचे कोण देणार? सकाळची बोट आणि दुपारचं विमान हा निव्वळ जुगार आहे.

चिंचगुटी
वरच्यात भर. बोट लागणाऱ्यांनी मधल्या किंवा मागच्या बाजूची, शक्यतो खालच्या मजल्यावरची जागा घ्यावी, बोटीचं नाक सर्वांत जास्त आपटतं. ॲव्होमीनसारखी गोळी निघण्याआधी तासभर घ्या (झोप येते). मळमळायला लागल्यावर घेतलेली पोटात टिकत नाही. पोट अगदी रिकामं नको आणि मिसळपाव हाणूनही नको. मोबाइल खिशात, नजर क्षितिजावर.

ओसरी
हॅवलॉकवर किनाऱ्यांना नंबर आहेत. धक्का १ नंबरला, बाजार ३ ला, बरीचशी रिसॉर्टं ३ ते ५ च्या पट्ट्यात पूर्व किनाऱ्यावर आणि राधानगर ७ नंबर पश्चिमेला, धक्क्यापासून सुमारे बारा किलोमीटर. आता गंमत अशी की जाहिरातीत 'समुद्राला लागून' असलेल्या पूर्वेकडच्या खोलीसमोर ओहोटीला पाणी लांबवर जातं आणि खडक, मेलेलं प्रवाळ, चिखल उघडा पडतो. फोटो भरतीचा असतो! तिथे सूर्योदय बघा, पोहायला राधानगरला जा. राधानगरजवळच राहायचं तर संध्याकाळनंतर खाण्याचे पर्याय मोजकेच मिळतात हे धरून चाला.

खोली घेताना दोन गोष्टी विचारा: वीज गेल्यावर जनरेटरवर एसी चालतो की फक्त पंखा-दिवा, आणि कॉटेजपर्यंत पायऱ्या किती. आजी-आजोबा सोबत असतील तर दुसरा प्रश्न आधी. थोडी रोकड जवळ ठेवा, यूपीआय दरवेळी चालेलच असं नाही.

आणखी एक, घड्याळ मुंबईचंच असलं तरी सूर्य लवकर मावळतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास अंधारायला लागतं. 'चहा घेऊन साडेचारला निघू' म्हणणाऱ्यांना सूर्यास्त रस्त्यात दिसतो.

भांगाची भरती
कोकणातल्या लोकांना तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची सवय असते. ते गणित आपल्या किनाऱ्याचं. अंदमानात वेळ वेगळी येते, त्यामुळे पोर्ट ब्लेअरचा भरती-ओहोटीचा तक्ता उघडा. बाकी नियम तेच: दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या, रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण (मोठी भरती), अष्टमीच्या आसपास भांग (छोटी भरती). नीलचा नैसर्गिक खडकपूल ओहोटीलाच नीट बघता येतो, तर नीलच्याच भरतपूरला किंवा हॅवलॉकच्या एलिफंट बीचला स्नॉर्केलिंग (मास्क-नळी लावून तरंगत तळ बघणं) करताना पायाखाली पुरेसं पाणी हवं, नाहीतर प्रवाळावर पाय पडतो. त्याने प्रवाळ मोडतं आणि तळवाही चिरतो.

मगरींबद्दल. खाऱ्या पाण्यातली मगर अंदमानात खरोखर आहे. २०१० मध्ये राधानगरजवळ एका परदेशी पर्यटक स्त्रीचा तिने बळी घेतला. मगरीचं घर म्हणजे खाडीचं तोंड आणि तिवरांचं दलदलीचं पाणी. म्हणून खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे, पहाटे, संध्याकाळी किंवा गढूळ पाण्यात उतरायचं नाही. जाळं लावून आखलेला भाग असेल तर त्याच्या आतच. पाटी वाचा आणि जीवरक्षकाशी वाद घालू नका.

लाटेवरचा
मगरीची भीती सगळ्यांना वाटते, पण किनाऱ्यावर जास्त दगा देतो तो परतीचा प्रवाह. लाटांनी किनाऱ्यावर ढकललेलं पाणी वाळूतल्या एखाद्या खोलगट वाटेने जोरात मागे जातं. लाटा फुटताहेत आणि मधेच एक पट्टा शांत, गडद दिसतोय, तर तोच धोक्याचा. नवख्याला नेमका तोच सुरक्षित वाटतो. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे सरळ पोहू नका. दमून माणूस बुडतो तो इथेच. तरंगत राहा, हात हलवा, आणि ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याच्या बाहेर या. मे ते सप्टेंबर पश्चिमेकडचे किनारे जास्त खवळलेले असतात.

लाइफ जॅकेट घातल्यावर कुणाला तरी खांद्याला धरून वर ओढायला सांगा. हनुवटीपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे. मास्क पट्ट्याशिवाय चेहऱ्याला लावून नाकाने श्वास ओढा, चिकटून राहिला तर बरोबर. मिशीवाल्यांचा तिथूनच गळतो, थोडं व्हॅसलीन लावा.

तळवट
स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं) सहलीच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका. एकाहून अधिक डुबक्या असतील तर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास हवेत. पाण्याच्या दाबाखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो. विमानात हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात. सर्दी असेल तर कानाचा दाब जुळत नाही, त्या दिवशी सोडून द्या. दमा, फिट येणं किंवा हृदयाचा त्रास असेल तर फॉर्मवर लपवू नका.

ओसरी
राहिलंच: शंख-प्रवाळ बॅगेत घालू नका, विमानतळावर सामान तपासतात. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. आणि सेल्युलर जेलला जाणाऱ्यांसाठी, सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी जिना हळूहळू चढा आणि पोर्ट ब्लेअरचा तो दिवस बोटीच्या दिवसाला जोडू नका.