नवा मॉनिटर कसा येणार, हे गिऱ्हाईक ठरवतं की काच?

ताणाबाणा:
सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरी-टॉवेलची जेकार्ड (मागावर विणून निघणाऱ्या नक्षीची) डिझाइनं करतो. मागच्या महिन्यात माझा जुना २४ इंची मॉनिटर गेला, १९२० बाय १२०० ठिपक्यांचा, म्हणजे वरून खाली १२०० ओळींचा. तसलाच दुसरा घ्यायला नवी पेठ पालथी घातली. सगळीकडं १०८० ओळींचेच. एक दुकानदार म्हणाला, "१२०० कोण मागतंय आता?" मला हे पटलेलं नाही.

आमच्या कामात स्क्रीनवरची एक ओळ म्हणजे एक आडवा धागा. १२० ओळी गेल्या की नक्षीचा तेवढा पट्टा डोळ्याआड. दिवसभर वर-खाली सरकवत बसायचं, आणि किनार कुठं चुकली ते कापड मागावर आल्यावर कळतं.

एलसीडीची काच मोठ्या तावात बनते. साडेआठव्या पिढीच्या कारखान्यात (पिढी तावाच्या मापावरून ठरते) ताव २२०० बाय २५०० मिलिमीटरचा. त्यातून टीव्हीच्या १६:९ (रुंदीला उंची) मापात ५५ इंची ६ नाहीतर ३२ इंची १८ निघतात. आपल्या सोलापुरात युनिफॉर्मचं कटिंग करणारा कुणीही सांगेल, पन्ह्यात माप नीट बसलं नाही की चिंधी वाढते आणि कमाई चिंधीत जाते. २००८ च्या आसपास मॉनिटरचा धंदा १६:१० (माझ्या जुन्या मॉनिटरचं माप) सोडून टीव्हीच्या १६:९ वर गेला, त्यात या कटिंगचा वाटा मोठा. २४ इंचीत १६:१० ला काच सुमारे ५ टक्के जास्त लागते. एवढ्यासाठी आमच्यासारख्यांची सोय गेली. म्हणून म्हणतो, कोणता मॉनिटर बाजारात येणार ते काच कापतानाच ठरतं.

सातरस्ता:
दादा, तुमची अडचण खरी आहे, पण कारण चुकलंय. काचच सगळं ठरवत असती तर लॅपटॉपमध्ये १६:१० परत आलं नसतं. २०२० नंतर एकेक कंपनी तिकडं वळली. मॅकबुक प्रोनं तर उंच माप कधी सोडलंच नाही. ती काचही तावातूनच कापतात ना? लोकांनी उंच स्क्रीनला पैसे मोजले म्हणून माल आला. मॉनिटरला मोजले नाहीत, म्हणून नाही आला.

ताणाबाणा:
लॅपटॉपचं गणित वेगळं आहे ओ. तिथं प्रोसेसर, रॅम, बॅटरी यांच्या बिलात काचेचे चार पैसे मुरून जातात. मॉनिटरमध्ये सगळ्यात मोठा खर्च पॅनेलचाच, म्हणजे त्या काचेच्या पडद्याचा. तिथं ५ टक्के वाढले की थेट एमआरपीवर येतात. साध्या चादरीत सुताचा भाव वाढला की लगेच कळतो, तसंच.

पार्कचौक_काउंटर:
मी विकणारा माणूस, म्हणून बोलतो. १६:१० बंद झालेला नाही. आसुसच्या प्रोआर्टमध्ये २४.१ इंची १९२० बाय १२०० आहे, पण तो काउंटरवर ठेवला तर सहा महिने पडून राहतो. आपल्याकडं मॉनिटरला बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी सक्तीची आहे. वर्षाला मोजके नग खपणाऱ्या मॉडेलसाठी ती यातायात कोण करणार? त्यात डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर ९० रुपयांच्या पुढं गेला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या मॉनिटरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, पण २४ आणि २७ इंचीला आधीपासून १८ च होता, त्यात एक रुपया उतरला नाही. गिऱ्हाईक मात्र "जीएसटी कमी झाला की" म्हणून आमच्याशीच भांडतं.

हुतात्मा_बाग:
खर्च, खर्च काय लावलंय सगळ्यांनी? २०२० च्या मध्यापासून वर्षभर पॅनेल महागत गेलं. लॉकडाउनमुळं मागणी होती, पॅनेल चालवणारी ड्रायव्हर चिप मिळत नव्हती, डिसेंबर २०२० मध्ये काच बनवणाऱ्या जपानच्या निप्पॉन इलेक्ट्रिक ग्लासच्या कारखान्यात वीज गेली. ठीक, तेव्हा मॉनिटर महागले, समजू शकतो. पण २०२१ च्या उत्तरार्धापासून २०२२ च्या शरदापर्यंत पॅनेलचे भाव कोसळले. तेव्हा पॅनेलवाल्यांनी काय केलं? उत्पादन कमी केलं, भाव सावरले. सॅमसंग डिस्प्ले २०२२ मध्ये एलसीडीतून बाहेरच पडली. एलजी डिस्प्लेचा ग्वांगझूचा कारखाना टीसीएलकडं गेला. विकणारे कमी झाले की भाव त्यांच्या हातात. हा काचेचा दोष नाही, मोजक्या कारखान्यांनी हात आखडता घ्यायचं ठरवलं त्याचा आहे. गिरण्यांच्या गावाला हे नव्यानं सांगायला हवं का?

पार्कचौक_काउंटर:
भाव पडले तेव्हा आमच्याकडं चढ्या भावाचा माल पडून होता, तेवढं ध्यानात घ्या. आधी तो खपवावा लागतो. स्वस्त पॅनेलचं मॉडेल वरून त्यानंतरच येतं.

जुळवाजुळव:
मी काँप्युटर असेंबल करून देतो. महाग भागामुळं वस्तूच बदलते याचं चांगलं उदाहरण जी-सिंक, म्हणजे गेममध्ये चित्र फाटू नये म्हणून मॉनिटरचा वेग ग्राफिक्स कार्डाशी जुळवणारी एनव्हिडियाची सोय. २०१३ मध्ये आलं तेव्हा मॉनिटरमध्ये एनव्हिडियाचा वेगळा बोर्ड लागायचा, त्यावर महागडी चिप आणि स्वतःची मेमरी. पुढं एएमडीच्या फ्रीसिंकवाले मॉनिटर असल्या बोर्डाशिवाय तेच काम करू लागले. लोक तिकडं गेले. २०१९ मध्ये एनव्हिडियानं तसल्या मॉनिटरना आपल्या कार्डांवर चालू दिलं, आणि २०२४ मध्ये मीडियाटेकच्या स्केलर चिपमध्येच (मॉनिटरमध्ये चित्र पडद्यावर बसवणारी चिप) जी-सिंक बसवायचं जाहीर केलं. म्हणजे ताणाबाणा म्हणतात तसा खर्च रेटतो, आणि सातरस्ता म्हणतात तसं गिऱ्हाईकही रेटतं.

सध्या मला रॅमची काळजी जास्त आहे. एआयच्या सर्व्हरांकडं मेमरी वळली आणि २०२५ च्या शेवटी रॅम भडकली. मायक्रॉननं तर क्रुशियल हा आपला किरकोळ विक्रीचा रॅमचा ब्रँड बंद करायचं जाहीर केलं. साध्या मॉनिटरला मेमरी नावापुरतीच लागते, पण ठरलेल्या पैशात काँप्युटर हवा असलेला पोरगा रॅमला जास्त देतो आणि मॉनिटर जुनाच ठेवतो. मॉनिटर खपले नाहीत तर कंपनी नवीन मॉडेल कशाला काढेल?

सातरस्ता:
ताणाबाणा, २७ इंची २५६० बाय १४४० का बघत नाही? १२०० ऐवजी १४४० ओळी मिळतील. ते माप भरपूर बनतं, म्हणून परवडतंही.

ताणाबाणा:
बघितला होता. त्याचे ठिपके बारीक पडतात, ग्राफचा चौकोन लहान दिसतो. पन्नाशीच्या डोळ्यांना दहा तास ते जमत नाही. पण लॅपटॉपचा मुद्दा मी मान्य करतो, पैसे मोजणारे असले की माप परत येतं. आमच्या ओळखीत असे सातआठ डिझायनर आहेत. पार्कचौक, सगळ्यांनी मिळून आधी पैसे भरले तर १२०० चे आठ नग मागवाल का?

पार्कचौक_काउंटर:
निम्मे आगाऊ द्या, मागवतो. भाव मात्र माल हातात आल्यावरच सांगेन, डॉलरचा भरवसा नाही.