ऱ्हाईनकाठी द्राक्षबागांतून एका दिवसाचा गोल ट्रेक, आई-बाबांसोबत जमेल का?

निफाडकर:
मंडळी, मी फ्रँकफर्टला असतो, सप्टेंबरच्या मध्यात आई-बाबा येतायत. बाबांचं आयुष्य द्राक्षबागेत गेलंय, निफाडला आमची थॉमसनची बाग आहे, त्यामुळे राजवाडे-चर्च दाखवत बसण्यापेक्षा इथल्या बागा पायी फिरवाव्यात असं फार मनात आहे. रुडेसहाइमहून वर निडरवाल्डच्या पुतळ्याकडे चढायचं, जंगलातून आसमन्सहाउजेनला उतरायचं आणि नदीच्या कडेने परत, असा साधारण १२ किमीचा गोल मॅपवर दिसतोय. बाबा चालायला खणखणीत आहेत पण आईचे गुडघे उताराला बोलतात. काय करू?

डोंगरभटकी:
नक्की करा, पण उलट्या दिशेने! सकाळी रुडेसहाइम स्टेशनला उतरलात की आधी बागांची वाट धरा, एरेनफेल्सच्या पडक्या किल्ल्यावरून आसमन्सहाउजेनपर्यंत. ही सगळी बाजू दक्षिणेकडे तोंड करून आहे, सावली जवळजवळ नाहीच, दुपारी परतताना ऊन अंगावर येतं. सकाळी ती उरकली की दुपारचं चालणं जंगलात होतं. आईंसाठी आसमन्सहाउजेनहून वर जायला खुर्च्यांचा रोपवे आहे आणि पुतळ्यापासून खाली रुडेसहाइमला यायला दुसरा, म्हणजे मोठा चढ पण नाही आणि गुडघे दुखवणारा उतार पण नाही. दोन्हीचं मिळून एकत्र तिकीट मिळतं. आणि हो, वाट पाण्याला लागून नाहीये, अगदी काठावर रेल्वे आणि हायवे आहे, तुम्ही वर उतारावरून चालता, पण नदी सतत डोळ्यासमोर असते.

किल्ल्यापाशी मात्र घाई करू नका. आत जाता येत नाही (१६८९ मध्ये फ्रेंचांनी उद्ध्वस्त केला) पण खाली नदीतल्या बेटावर 'उंदरांचा मनोरा' नावाचा जुना बुरूज दिसतो, पलीकडे बिंगेनला नाहे नदी येऊन मिळते आणि पश्चिमेला वाहणारी ऱ्हाईन तिथेच उत्तरेकडे वळते. पूर्वी इथल्या खडकांमुळे जहाजांना फार धोका असायचा, तो मनोरा १९७४ पर्यंत सिग्नल द्यायला वापरत होते.

गाइझेनहाइमची:
मी इथेच शेजारी द्राक्षशेती शिकतेय, त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहिते. निफाडकर, तुमच्या बाबांना पहिला प्रश्न पडेल तो मांडव कुठेय. नाहीये, सगळ्या वेली तारांवर उभ्या, आणि एरेनफेल्सच्या खाली काही ठिकाणी ६० टक्क्यांपर्यंत उतार आहे, तिथे ट्रॅक्टर चालतच नाही, बरंचसं काम हाताने. वाटेत जुन्या दगडी ताली दिसतील, त्या जरूर दाखवा. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि मग ऑक्टोबर छाटणी असं दोनदा चालतं, इथे हिवाळ्यात वेल झोपलेला असताना एकदाच छाटतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला तोडणी. म्हणजे तुमच्याकडे ऑक्टोबर छाटणीची तयारी चालू असते तेव्हा इथे घड उतरत असतात, बाबांना हे बघायला फार आवडेल बघा.

अजून एक, हा प्रदेश ५० अक्षांशावर आहे, इतक्या उत्तरेला द्राक्ष पिकतं ते ह्या उतारामुळे. ऱ्हाईन एरवी उत्तरेकडे जाते पण टाउनुस डोंगर आडवा आल्याने थोडं अंतर पश्चिमेला वाहते, म्हणून उत्तर काठाला दिवसभर ऊन, आणि जमिनीतला पाटीचा दगड तापून राहतो. रुडेसहाइमला बहुतेक रीसलिंग, म्हणजे पांढऱ्या वाइनची द्राक्षं, पण वळण घेऊन आसमन्सहाउजेनला पोचलात की अचानक काळी द्राक्षं दिसायला लागतात, ती पिनो न्वार, ते गाव रेड वाइनसाठीच प्रसिद्ध आहे. घड हातात घेऊन बघायचा मोह बाबांना होईलच, पण तोडू देऊ नका, आणि तोडणीमुळे वाट बंद असल्याचा बोर्ड दिसला तर पक्क्या रस्त्यानेच जा. बागेत कोणी काम करत असेल तर मात्र जाऊन बोला, बाबा स्वतः बागायतदार आहेत म्हटल्यावर लोक मनापासून सांगतात.

रेल्वेवाला:
ट्रेन आरबी १०, फ्रँकफर्टहून थेट, सव्वा तासाच्या आसपास. रुडेसहाइम आणि आसमन्सहाउजेन दोन्हीकडे थांबते, त्यामुळे आई अर्ध्यात दमल्या तरी एका स्टेशनाचाच प्रश्न आहे. तुमच्याकडे डॉइचलांड तिकीट (देशभरातल्या लोकल गाड्यांचा महिन्याचा पास) असेलच, आई-बाबांसाठी ग्रुपचं डे तिकीट बघा, पाच जणांपर्यंत चालतं.

खाण्याचं म्हणाल तर त्या दिवसांत फेडरवायसर मिळते, अजून फसफसत असलेली ताजी वाइन, बाटलीला घट्ट बूच लावत नाहीत म्हणून सॅकमध्ये आडवी ठेवू नका. तिच्यासोबत कांद्याचा केक देतात पण त्यात बहुतेक वेळा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, शाकाहारी असाल तर आधी विचारा. श्पुंडेकेझ मागवा, मऊ चीजमध्ये कांदा-पेपरिका कालवलेलं असतं, ब्रेट्सेलबरोबर (गाठीच्या आकाराचा खारा पाव) छान लागतं.

निफाडकर:
सगळ्यांचे खूप आभार, उलटी दिशा पक्की. @गाइझेनहाइमची, बाबांना फोनवर वाचून दाखवलं, ते विचारतायत की इथे डाऊनीला (वेलीवरच्या केवडा रोगाला) काय फवारतात?

गाइझेनहाइमची:
तांबं आणि इतर बुरशीनाशकं, आपल्यासारखीच. फक्त ह्या चढांवर बऱ्याच ठिकाणी हेलिकॉप्टरने फवारायचे, आता ड्रोन पण आलेत. रोगाचं नाव पण इथे रोजच्या बोलण्यात पेरोनोस्पोराच आहे, बागेत कोणाला विचारायचं झालं तर तोच शब्द वापरायला सांगा त्यांना.