लहान मुलांच्या कपड्यांची डागडुजी : तुमच्या घरची पद्धत काय?

सुईदोरा

परवा रविवार पेठेत इलॅस्टिक आणि रिळे घ्यायला गेले होते, तेव्हा दुकानदाराने इस्त्रीने चिकटवायची तयार ठिगळे समोर ठेवली. डायनोसॉर, अग्निबाण, आइस्क्रीमचा कोन असे त्यांचे आकार होते आणि शेजारी उभी असलेली एक तरुण आई आपल्या मुलाच्या धड असलेल्या पँटसाठी त्यांतले एक निवडत होती. ठिगळ ही हौसेने लावायची वस्तू झाली आहे हे पाहून गंमत वाटली, कारण माझ्या आईची सगळी हुशारी ठिगळ दिसू नये यात खर्च होत असे.

गुडघ्यावर फाटलेली पँट ती आधी उजेडासमोर धरत असे. भोक रुपयाएवढे असले तरी त्याच्या भोवतीचे कापड विरलेले असते, आणि ठिगळ त्या विरलेल्या भागापलीकडच्या बळकट कापडापर्यंत पोहोचले नाही, तर थोड्याच धुण्यांत कडेने पुन्हा फाटते. ठिगळासाठी ती त्याच पँटचा मागचा खिसा उसवत असे. खिसा पँटइतकाच विटलेला असल्यामुळे ठिगळाचा रंग वेगळा उठून दिसत नसे. खिसा कुठे गेला म्हणून आम्ही कुरकुर करत असू, ती गोष्ट वेगळी. लहान मुलाच्या पँटचा पाय मशिनच्या दट्ट्याखाली जात नाही, म्हणून आधी बाहेरच्या बाजूची शिवण गुडघ्याच्या वर-खाली वीतभर उसवायची, कापड सपाट पसरायचे, ठिगळाचा उभा धागा पँटच्या उभ्या धाग्याशी जुळवायचा, ठिगळाचे कोपरे गोल कापायचे, म्हणजे ते कशात अडकून निघत नाहीत, आणि टीप मारून झाली की शिवण पुन्हा बंद करायची, असा तिचा क्रम होता.

आमचे चिरंजीव आता पहिलीत आहेत आणि गुडघा जमिनीला टेकल्याशिवाय त्यांचा एकही खेळ होत नाही. त्यामुळे हे सारे आठवले. तुमच्याकडे काय करत असत आणि आता काय करता, ते अवश्य लिहावे.

कोथरूडची आजी

पोळ्या करता करता लिहिते आहे. आमच्याकडे बाळाची पहिली झबली जुन्या नऊवारी लुगड्याचीच शिवत असत. नव्या कापडाला खळ असते आणि ती कोवळ्या अंगाला टोचते. वर्षानुवर्षे धुतलेले लुगडे सायीसारखे मऊ झालेले असते. शिवणी बाहेरच्या बाजूला ठेवायच्या आणि गुंडीऐवजी बंद लावायचे, हेही सासूबाईंनीच शिकवले. झबले विरले की त्याचे दुपट्याला ठिगळ होत असे आणि दुपटे विरले की ते गोधडीच्या पोटात जात असे. पुढचे नंतर लिहीन, कुकरची शिट्टी झाली.

नारायणपेठकर

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा मी शाळेत जाण्याच्या वयाचा होतो. पाणी ओसरल्यावर घरात गाळाशिवाय फारसे काही उरलेले नव्हते. आईने गाळातून जे कपडे उपसून काढले, त्यांतले बरेचसे धुताना हातातच फाटले, कारण ओल्या चिखलात पडून राहिलेले सुती कापड कुजून जाते. पुढे मदत म्हणून जे कपडे मिळाले ते बहुतेक मोठ्या माणसांचे होते. एका सदऱ्यातून धाकट्या भावाचे दोन अंगरखे निघाले आणि एका धोतरातून आम्हा सर्वांच्या बंड्या. मशीन वाहून गेले होते, त्यामुळे हे सगळे हातशिलाईने, उलट्या टिपेने केलेले होते.

आभाळच फाटल्यावर ठिगळ कुठे कुठे लावणार, असे एक शेजारी तेव्हा आईला म्हणाले होते. त्यावर 'मुलांच्या अंगावर जेवढे मावेल तेवढे तरी लावते', असे उत्तर तिने दिल्याचे मला आठवते. त्या वर्षी आमच्या गल्लीतली सगळीच मुले बेढब कपड्यांत फिरत होती, त्यामुळे कोणालाच लाज वाटली नाही.

सुईदोरा

नारायणपेठकर काका, हे आपण सविस्तर लिहावे अशी विनंती आहे. मशीन पुन्हा केव्हा आले?

नारायणपेठकर

बऱ्याच वर्षांनी आले, आणि तेही जुन्या बाजारातून घेतलेले होते. त्याचा पट्टा सारखा सुटत असे आणि तो बसवण्याचे काम माझ्याकडे होते.

दोन मुलांचा बाबा

आमच्या घरी शिवणकाम माझ्याकडे आहे, म्हणून एक तांत्रिक मुद्दा मांडतो. वरची पद्धत मागावर विणलेल्या सुती किंवा टेरिकॉट कापडाला उत्तम लागू पडते. पण आजकालची मुले बहुतेक वेळ टी-शर्ट आणि लेगिंग अशा होजियरीच्या कपड्यांत असतात. होजियरीच्या कापडात धाग्यांचे फास असतात आणि नेहमीची टोकदार सुई ते फास तोडते, त्यामुळे टिपेच्या कडेने नवीनच बारीक भोके पडू लागतात. त्यासाठी गोल टोकाची सुई मिळते, ती वापरावी. सरळ टीप ताणली की तुटते, म्हणून नागमोडी टीप घालावी आणि ठिगळही होजियरीचेच घ्यावे. त्या चिकटवायच्या ठिगळांबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. गुडघा वाकला की डिंकाची कड सुटते; चिकटवल्यावर कडेने हाताने टाके घातले तरच ती टिकतात. शिवाय टेरिकॉटवर फार गरम इस्त्री फिरवली तर कापड चकाकते आणि ती चकाकी पुन्हा जात नाही.

मोजेवाली

मोज्यांचा विषय अजून कोणीच काढला नाही याचे आश्चर्य वाटते. टाचेला भोक पडले की आजी मोज्यात उडालेला विजेचा दिवा घालत असे आणि त्या गुळगुळीत काचेवर भोक पसरून रफू करत असे. आता तसे दिवे घरात राहिले नाहीत आणि नवे दिवे वर्षानुवर्षे उडत नाहीत, म्हणून रफू थांबले आहे, असे मी मुलांना सांगते.

कर्वे रस्त्यावरून

मोजेवाली ताई, छोटी वाटी पालथी घाला, काम भागते. टेनिसचा चेंडूही चालतो, फक्त सुई त्यात रुतणार नाही याकडे लक्ष ठेवावे लागते.

पाहुणा सदस्य

सगळ्यांचे अनुभव गोड आहेत, पण मला थोडे कडू लिहावेसे वाटते. माझ्या गणवेशाच्या चड्डीला मागे दोन मोठी ठिगळे होती आणि ती नव्या खाकीची असल्यामुळे लांबूनही दिसत असत. फळ्याकडे जायचे म्हणजे वर्गाकडे पाठ करायची, म्हणून उत्तर येत असूनही मी हात वर करत नसे. एका शिक्षकांनी त्यावरून वर्गात विनोद केला होता आणि सगळा वर्ग हसला होता. आईला मी हे कधीच सांगितले नाही. ती चार घरची कामे करून रात्री कंदिलाच्या उजेडात ती ठिगळे लावत असे. आज पुण्यात लोक मुद्दाम फाटलेली जीन्स घेतात आणि ठिगळाला कला म्हणतात, त्याला माझा विरोध नाही. मात्र ज्याच्याकडे दुसरी पँट आहे त्याचे ठिगळ आणि ज्याच्याकडे नाही त्याचे ठिगळ यांत फरक आहे, एवढे लक्षात असावे. माझ्या मुलीचा गणवेश विटला तरी मी नवा आणतो. काटकसर मी दुसरीकडे करतो.

कोथरूडची आजी

बाळा, वाचून घशाशी आले. त्या शिक्षकांना काय म्हणावे! तुमच्या आई आहेत का? असतील तर त्यांना माझा नमस्कार सांगा.

पाहुणा सदस्य

आहे, आजी. नातीच्या फ्रॉकची बटणे आजही तीच लावते आणि मला हात लावू देत नाही.

उपनगरातली सून

मीही बहुधा पाहुणा सदस्यांच्या बाजूची आहे, परंतु माझ्या मुलाला मात्र ठिगळ दिसायलाच हवे असते. साशिको नावाची जपानी पद्धत आहे, तिच्यात निळ्या कापडावर पांढऱ्या जाड दोऱ्याने धावदोऱ्याच्या ओळी घालतात. ती मी त्याच्या जीन्सच्या गुडघ्यावर करून पाहिली. सासूबाईंनी पँट हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि 'हे तर गोधडीचेच टाके आहेत, फक्त जरा नेटके आलेत' असा शेरा मारला. त्यांचे म्हणणे बरोबरच होते. गोधडीतही जुनी लुगडी एकावर एक ठेवून धावदोराच घालतात, आणि टाके जितके जवळजवळ तितकी ती टिकाऊ होते. तो मुलगा आता धड पँटलाही 'डिझाइन कर' म्हणून मागे लागतो, त्याचे काय करावे हे कोणी सांगावे.

बाजीराव रस्ता

उपनगरातली सून, त्याला एक सुई द्यावी, सुताचा दोरा ओवून द्यावा आणि बसवावे. आमच्याकडे या उपायाने मागणी लगेच थांबली.

जुने माणूस

खरे रफू ही वेगळीच विद्या आहे आणि तिचे ठिगळाशी नाते जोडू नये, असे माझे नम्र मत आहे. स्वेटरचे किंवा लोकरी कोटाचे भोक बुजवताना त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागा ओढून काढतात. आधी उभे धागे ताणतात आणि मग एक वरून, एक खालून असे आडवे धागे विणतात. वळणावर धागा किंचित सैल सोडतात, कारण धुतल्यावर तो आकसतो आणि सैल सोडलेला नसेल तर तिथे चुणी पडते. मुलांच्या स्वेटरसाठी मात्र एवढी मेहनत कोणी घेत नसे. कोपर फाटले की बायका स्वेटरच उसवत, लोकर पाटाला गुंडाळून धूत, म्हणजे तिच्यातले वळ जात, आणि पुढच्या थंडीला त्याच लोकरीत दुसऱ्या रंगाचा पट्टा घालून मोठ्या मापाचा स्वेटर विणत. पट्टा किती रुंद आहे त्यावरून त्या वर्षी लोकर किती कमी पडली ते कळत असे.

फ्रॉकवाली

वाढत्या अंगाचे कपडे शिवायची सवय कोणाकडे आहे? आई फ्रॉकच्या घेराला खाली चार बोटे दाब ठेवत असे आणि दर जूनमध्ये तो थोडा सोडत असे. अडचण एवढीच की जुन्या दुमडीची पांढुरकी रेघ कितीही धुतले तरी जात नसे. मग तुळशीबागेतून नागमोडी लेस आणून ती रेघेवर लावली जाई. शाळेतल्या मैत्रिणींना ती फॅशन वाटत असे, आणि फ्रॉकवर किती लेसा आहेत ते मोजून तो किती जूनचा आहे ते आम्ही बहिणी ओळखत असू.

पातेले

विषयाला थोडे सोडून लिहितो, क्षमस्व. आमच्या घरी एवढ्या निगुतीने दुरुस्त केलेले कपडे शेवटी जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणीसमोर जात असत, आणि ती बाई कॉलरची आतली बाजू आणि बैठकीची जागा उजेडासमोर धरून एका नजरेत सगळी ठिगळे पकडत असे. ठिगळाचा कपडा ती हिशेबातच धरत नसे. आईने त्यावर केलेली घासाघीस ऐकण्यासारखी होती. हवे असलेले झाकणाचे पातेले सहसा मिळत नसे आणि चहाच्या गाळणीवर मिटवावे लागत असे.

कोथरूडची आजी

अगदी बरोबर. शिवाय ती एक परकर जास्तीचा मागितल्याशिवाय उठत नसे.

रात्रपाळी

माझा प्रश्न ठिगळाचा नाही, चेनचा आहे. मुलीच्या जर्किनची चेन लावली की मधूनच उघडते. दात सगळे शाबूत आहेत. नवी बसवायला शिंपी जे पैसे सांगतो, त्यांत थोडी भर घातली तर नवे जर्किनच येईल.

दोन मुलांचा बाबा

दात शाबूत असतील तर दोष सरकत्या भागाचा असतो. वापरून त्याची तोंडे फाकतात आणि दात नीट गुंतत नाहीत. पक्कडीने त्याच्या दोन्ही बाजू अगदी हलक्या दाबाव्यात, एकेकदा दाबून चालवून पाहावे, कारण जास्त दाबला तर तो अडकून बसतो. नंतर दातांवरून मेणबत्ती घासावी, म्हणजे मुलीला स्वतःला ओढता येईल. तरीही उघडलीच तर फक्त सरकता भाग सुटा मिळतो. तो घेताना जर्किन सोबत न्यावे, कारण मागच्या बाजूला आकडा असतो आणि तो जुळला नाही तर दुसरी फेरी पडते.