इलेक्ट्रिकलसाठी फर्मागुडी की कुंकळ्ळी?

पेडणेकर_बाबा: मुलगी बारावी झाली, इलेक्ट्रिकलच करणार म्हणते. जेईई मेनच्या रँकवर गोव्याच्या कोट्यातून कुंकळ्ळीची एनआयटी मिळेलसं वाटतं, फर्मागुडीचं गोवा इंजिनिअरिंग कॉलेजही हाताशी आहे. खाजगी बिट्सची फी झेपणारी नाही. काय करावं? शेजारी तर कॉम्प्युटर घ्या म्हणून मागेच लागलेत.

सबस्टेशनवाला: शेजाऱ्यांना चहा पाजा आणि विषय बदला.

मी फर्मागुडीच्या कॉलेजातच शिकलो, नोकरी सबस्टेशनमध्ये. गोव्याची बहुतेक वीज बाहेरून ग्रिडवर येते; कोलवाळला पॉवरग्रिडचं ४०० केव्हीचं (किलोव्होल्ट) सबस्टेशन आहे, तुमच्या पेडण्याहून फार लांब नाही. या कामाला माणसं लागतातच, मंदी येवो न येवो.

आता कॉलेजचं. दोन्हीकडे शाखेचं नाव ‘इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स’, त्यामुळे नावावरून काही ठरवू नका. फर्मागुडीचं कॉलेज १९६७चं, गोवा विद्यापीठाशी संलग्न. एनआयटी २०१०ची, तीही आधी फर्मागुडीच्याच आवारात होती, आता कुंकळ्ळीला स्वतःचा कॅम्पस आहे. एनआयटीच्या नावाला बाहेरच्या कंपन्यांत वजन आहे, आणि वर्गात देशभरातली मुलं असतात. ते मला महत्त्वाचं वाटतं, आमच्या वेळी अर्धा वर्ग एकमेकांचे नातेवाईक होते!

पण आधी मुलीला घेऊन दोन्हीकडची मशीन्स लॅब बघा. मोटर-जनरेटरचे सेट चालू आहेत की धूळ खात पडलेत? प्रोटेक्शन रिलेची (बिघाड ओळखून वीज तोडायला लावणारं उपकरण) चाचणी मुलं स्वतः करतात की लॅब असिस्टंट करून दाखवतो? हे तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा, सरांना नको.

नर्मदा_म्हापसा: बाबा, एनआयटीचे प्रवेश जोसा या देशपातळीवरच्या प्रवेश प्रक्रियेतून होतात, गोवा इंजिनिअरिंगचे पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयातून. दोन्हीकडे नाव घालून ठेवा, एका जागेच्या भरवशावर दुसरी सोडू नका. रहिवासी दाखला आत्ताच काढा, मामलेदार कचेरीत गर्दी असते.

पेडणेकर_बाबा: आभार. पेडण्याहून कुंकळ्ळी म्हणजे गोव्याचं एक टोक ते दुसरं. रोज कदंबाच्या बसमधून जमेल?

सबस्टेशनवाला: नाही हो. हॉस्टेलच घ्या. पोरगी प्रवासात थकली तर ट्रान्सफॉर्मर कधी शिकणार? आणि फर्मागुडी झालं तरी पेडण्याहून रोज जाणं-येणं सोपं नाही.